एकसारख्या चवीचा शिल्पकार

बुलढाणा हे अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले, तुलनेने थंड हवेचे शहर. राजूर घाट उतरून मलकापूर-नांदुऱ्याकडे गेले, की मात्र उन्हाळ्यात पारा सहज चाळिशी ओलांडतो. अशा हवेत दूध टिकवायचे, तर आपल्याकडे त्याचे तूप किंवा खवा करण्याची रीत होती, चीजची नव्हती. आज चीजच्या पातळ, पिवळसर चकत्या लहान शहरांतील दुकानांतही मिळतात आणि मुलांच्या डब्यात जातात. या चकत्यांचे मूळ उन्हाळ्याच्या चिंतेने ग्रासलेल्या एका फिरत्या विक्रेत्याच्या खटपटीत आहे. त्याचे नाव जेम्स लुईस क्राफ्ट.

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात 11 डिसेंबर 1874 रोजी एका मेनोनाइट शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. अकरा भावंडांचे घर. तरुणपणी किराणा दुकानात नोकरी केल्यानंतर ते अमेरिकेत गेले आणि चीजच्या व्यवसायात त्यांनी आपली पुंजी गुंतवली. भागीदारांनी त्यांना बाजूला सारले, तेव्हा ते शिकागोत होते आणि हाताशी उरले होते जेमतेम 65 डॉलर. 1903 मध्ये त्यांनी भाड्याने घोडागाडी घेतली. पहाटे घाऊक बाजारातून चीज घ्यायचे आणि दुकानोदुकानी पोहोचवायचे, असा दिनक्रम सुरू झाला. पहिल्या वर्षी तोटाच आला. पण पुढे भाऊ मदतीला आले आणि 1909 मध्ये भावांची कंपनी उभी राहिली.

या फिरतीत त्यांना व्यवसायाचे खरे दुखणे कळले. त्या काळी दुकानदार चीजच्या मोठ्या चाकातून तुकडा कापून देई. कापलेला भाग सुके, बुरशी धरी आणि उन्हाळ्यात तेल सोडी. शिवाय आजचे चीज कालच्यासारखे निघेलच, याची खात्री नसे. क्राफ्ट यांनी चीज बारीक करून, सुमारे 80 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून सतत घोटण्याची पद्धत बसवली आणि 1916 मध्ये तिचे पेटंट मिळवले. ही कल्पना मात्र सर्वस्वी त्यांची नव्हती. स्वित्झर्लंडमध्ये गर्बर आणि स्टेटलर यांनी 1911 मध्येच सायट्रेट क्षार वापरून असे चीज तयार केले होते. हे क्षार दुधातील प्रथिनांना स्निग्धांश धरून ठेवण्यास मदत करतात. म्हणूनच प्रक्रिया केलेले चीज फाटत नाही, एकजीव वितळते.

पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी त्यांच्या डबाबंद चीजची मोठी खरेदी झाली आणि व्यवसायाला बळ मिळाले. पुढे त्यांचे बंधू नॉर्मन यांनी गरम चीज थंड रुळांवर पातळ पसरवून त्याच्या चकत्या पाडण्याचे तंत्र विकसित केले. या चकत्या 1950 मध्ये बाजारात आल्या. प्रत्येक चकतीला वेगळे वेष्टन देणारे क्राफ्ट कंपनीचे उत्पादन 1965 मध्ये आले. ते पाहण्यास जेम्स क्राफ्ट हयात नव्हते.

पारंपरिक चीज करणाऱ्यांना हा पदार्थ रुचला नाही, आणि त्यांचा आक्षेप निराधार नव्हता. चीज मुरते ते त्यातील जिवाणूंमुळे. उष्णतेने ते मेले, की चीज टिकते; पण त्याचे मुरणे थांबते आणि चवीची वाढही खुंटते. मीठही त्यात बरेच असते. क्राफ्ट यांनी वैविध्य देऊन खात्री विकत घेतली. गरम पावावर न फुटता पसरणारी, मुलांना आवडणारी सौम्य चव हे तिचे फळ होते. त्यामुळे मुरलेल्या चीजची खोली या चकतीत शोधणे व्यर्थ आहे. तिचा दर्जा ठरतो तो तिच्यात मूळचे चीज किती आहे यावर. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरलेल्या पदार्थाला भारतीय नियमांनुसार चीज म्हणून विकता येत नाही. म्हणून वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचणे हिताचे.

क्राफ्ट धर्मनिष्ठ बाप्टिस्ट होते. जेड या रत्नाचा त्यांना विलक्षण छंद होता. त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिले. 16 फेब्रुवारी 1953 रोजी शिकागोत त्यांचे निधन झाले. भाड्याच्या घोडागाडीवरून सुरू झालेला त्यांचा व्यवसाय तोवर घरोघरी पोहोचला होता.