ठेक्याला नाव दत्तारामचं

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. इंग्लिश विभागात लिहिणं मला सोपं गेलं असतं. पण ज्या माणसाबद्दल लिहायचंय त्याची ओळख मला रोह्याच्या मामाकडून मराठीत झाली, म्हणून हा खटाटोप.

लेडीज हॉस्टेलमध्ये मी बदनाम आहे ती रात्री लॅपटॉपवर बीट्स बनवते म्हणून. (रेक्टर मॅडम, हेडफोन घेतलाय आता!) माझा आवडता प्रकार म्हणजे ब्रेकबीट. जुन्या गाण्यांत मधेच बाकीची वाद्यं थांबतात आणि काही सेकंद फक्त ड्रमर वाजवतो, तो तुकडा म्हणजे ब्रेक. १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात कूल हर्क नावाच्या डीजेने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर लावून हा तुकडा लांबवायला सुरुवात केली. आपल्या भाषेत सांगायचं तर त्याने ब्रेकला फॉर लूपमध्ये टाकलं. पुढे सॅम्पलर आले, कॉम्प्युटर आले, आणि त्या तुकड्यांवर जगभर संगीताचे नवे प्रकार उभे राहिले.

आमचं घर पेणला, आजोळ रोह्याला. मागच्या गणपतीत मी रोह्याला लॅपटॉप घेऊन गेले. संध्याकाळी मंडळाच्या स्पीकरवर माझा ट्रॅक लावला आणि पोरं जाम नाचली. मामा दरवर्षी आरतीला आणि भजनाला ढोलकी वाजवतो. त्या दिवशी ढोलकी खोळीतच राहिली. मामा काही बोलला नाही, खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत बसला होता. रात्री जेवताना त्याने विचारलं की ते ड्रम वाजवलेत कोणी? मी म्हटलं, सॅम्पल पॅक आहे, डाउनलोड केलाय. तो म्हणाला ते ठीक, पण वाजवलेत कोणी? मला उत्तर आलं नाही. मग त्याने सांगितलं की आमच्यात निदान ठेका कुणाचा ते तरी माहीत असतं, आणि मांडीवर दोन्ही हातांनी एक ठेका वाजवून दाखवला. त्याला म्हणतात दत्ताराम ठेका. माणसाच्या नावाचा ठेका! आपल्याकडे ओहमचा नियम असतो तसा. मला तो माणूस कोण हे शोधावंसंच वाटलं.

दत्ताराम लक्ष्मण वाडकर यांचा जन्म १९२९ साली गोव्यात झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता. लहानपणीच ते सावंतवाडीला आले आणि १९४२ च्या सुमारास कुटुंबासोबत मुंबईला. आज रोह्याला सुरू होणारी कोकण रेल्वे सावंतवाडीवरूनच गोव्यात जाते, पण तेव्हा तो रूळ नव्हता, तो पूर्ण व्हायला १९९८ साल उजाडलं. शाळा चौथीपर्यंतच झालेली. आईला गाण्याची आवड, तिने मुलाला पंढरीनाथ नागेशकरांकडे तबला शिकायला घातलं. नागेशकरही गोव्याचेच, मोठे तबलजी.

तबल्याइतकाच नाद व्यायामाचा. त्या व्यायामशाळेत शंकर यायचे, म्हणजे पुढच्या शंकर-जयकिशन जोडीतले शंकर. ते स्वतः पृथ्वी थिएटर्समध्ये तबला वाजवायचे आणि जयकिशन हार्मोनियम. तालमीत झालेल्या या ओळखीतून दत्ताराम पृथ्वी थिएटर्समध्ये गेले. १९४९ साली राज कपूरच्या बरसातने शंकर-जयकिशन एका रात्रीत मोठे झाले आणि पुढे दत्ताराम त्यांचे सहायक झाले. कामाची वाटणी अशी की व्हायोलिन वगैरे वाद्यवृंदाची मांडणी सेबॅस्टियन डिसोझा करायचे (तेही गोव्याचेच!) आणि तालवाद्यांची जबाबदारी दत्तारामांची.

ही जबाबदारी म्हणजे काय ते नीट समजून घ्या. तेव्हा आजच्यासारखं एकेक वाद्य वेगळं रेकॉर्ड करून नंतर जोडत नसत. गायक, व्हायोलिन, ढोलक सगळे एकाच वेळी वाजवणार. एक जण चुकला की गाणं पहिल्यापासून. कानात क्लिक देणारं यंत्र नाही, कंट्रोल झेड नाही. लय धरून ठेवायची ती तालवाल्यांनीच. डिजिटलच्या पेपरात आपण क्लॉक पल्स काढतो ना, तसं. आउटपुटकडे सगळे बघतात, क्लॉककडे कोणी बघत नाही, पण तो बंद पडला की सर्किट ठप्प.

आता तो ठेका. आपला साधा केरवा आठ मात्रांचा: धा गे ना ती, न क धि ना. भजनापासून बारशापर्यंत कुठेही चालतो. दत्तारामांनी ढोलकवर तो स्वतःच्या पद्धतीने वाजवला. मी हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकला. मला ऐकू येतं ते असं: मात्रा त्याच आठ, पण वजन नेहमीच्या जागेवर नाही. जिथे थाप येईल असं वाटतं तिथे थोडी मोकळी जागा, आणि डाव्या हाताचा घुमारा असा सरकत येतो की पुढची मात्रा आपोआप ओढली जाते. ऐकणाऱ्याचा पाय हलतो, का हलतो ते कळत नाही. बघा, ब्रेकबीटचं तंत्रही हेच आहे: चार ठोके सरळ न मारता मधल्या जागांवर भार द्यायचा. फरक एवढाच की तिकडे ते ड्रमवर झालं आणि इकडे लाकडी खोडाच्या दोन तोंडांवर. वादकांनीच या ठेक्याला दत्तारामचं नाव दिलं, कुणी दत्तू ठेकाही म्हणतं.

मग ते स्वतः संगीतकार झाले. १९५७ साली आर. के. फिल्म्सच्या अब दिल्ली दूर नहीं या सिनेमाचं संगीत त्यांच्याकडे आलं. त्यातलं चिमणीचं गाणं, चुन चुन करती आई चिड़िया, बालवाडीत तुम्हीही म्हटलं असेल. मीही म्हटलंय, कॉन्व्हेंटमध्ये असूनसुद्धा! ते कोणाचं हे मला मागच्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. १९५८ साली परवरिश आला. त्यातलं मुकेशचं आँसू भरी हैं आजही दर्दभऱ्या गाण्यांच्या यादीत असतं, आणि त्याच सिनेमातलं मन्ना डे आणि लताबाईंचं मस्ती भरा है समां ऐकलंत तर तो ठेका काय हे मला इथे लिहून सांगावं लागणार नाही. पुढे कैदी नंबर ९११, श्रीमान सत्यवादी, ज़िंदगी और ख़्वाब असे सिनेमे केले. गाणी गाजली, पण मोठ्या बॅनरची रांग काही लागली नाही. तरी शंकर-जयकिशनचं सहायकपण त्यांनी सोडलं नाही. स्वतःच्या नावाचे सिनेमे असलेला माणूस दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगला ताल सांभाळत उभा राहतो, हे मला आधी कमीपणाचं वाटलं होतं. मामाला तसं वाटलं नाही. त्याच्या मते ठेका धरणाऱ्याने गाणं कोणाचं हे बघायचं नसतं.

१९७१ साली जयकिशन गेले, १९८७ साली शंकर. मधल्या काळात सिनेमाचं संगीत बदललं, रिदम मशीन आली. दत्ताराम शेवटच्या काळात गोव्यात राहिले आणि ८ जून २००७ रोजी तिथेच वारले.

आता मामाच्या प्रश्नाचं उत्तर. माझ्या ट्रॅकमधला तुकडा कुठला ते मी शोधून काढलं. विन्स्टन्स नावाच्या अमेरिकन बँडचं १९६९ चं आमेन ब्रदर हे गाणं, त्यातला जेमतेम सात सेकंदांचा ब्रेक. हजारो गाण्यांत वापरला गेलेला. वाजवणारा ग्रेगरी कोलमन. त्याला त्याचा एक पैसाही मिळाला नाही, आणि २००६ साली तो गेला तो बेघर अवस्थेत. कोलमन आणि दत्ताराम, वर्षभराच्या अंतराने गेलेली दोन माणसं. एकाच्या ठेक्याला गाण्याचं नाव राहिलं, दुसऱ्याच्या ठेक्याला वादकांनी माणसाचं नाव ठेवलं. पैसे तर दोन्हीकडे ठेक्याचे कोणी मोजत नाही. पण नाव ठेवायला काय लागतं? फक्त लक्षात ठेवावं लागतं.

आमच्या पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारे कारागीर असतात. मूर्ती कोणत्या कारखान्यातून आली ते लोक सांगतात, डोळे कोणी आखले ते कोणी विचारत नाही. हे मी लहानपणापासून बघतेय आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा रोह्याला गेले. मामाला ढोलकी खोळीतून काढायला लावली आणि मागच्या पडवीत बसून मोबाइलवर तो ठेका रेकॉर्ड केला. लॅपटॉपवर घेतल्यावर दिसलं की त्याच्या थापा ग्रिडवर नाहीत, काही थोड्या मागे, काही थोड्या पुढे. मी सवयीने क्वांटाइज दाबलं. सगळ्या थापा रेषेवर आल्या आणि ठेका मेला. अंडू केलं तेव्हा परत जिवंत झाला. चार वर्षांच्या इंजिनीअरिंगमध्ये एरर कमी करायला शिकवतात, पण काही एरर हा सिग्नलच असतो हे मला त्या पडवीत कळलं.

गॅदरिंगला तो ट्रॅक लावणार आहे. आधी ढोलकी एकटी, मग माझे ड्रम. आणि या वेळी आवाज सुरू होण्याआधी माइकवर दोन नावं सांगणार आहे: ठेका दत्ताराम वाडकर यांचा, ढोलकी आमच्या मामाची. कंटाळा आला तरी तेवढं ऐकून घ्या, मग नाचा!