पहिल्या वर्षाचे मास्तर : अलेक्झांडर मिकलजॉन

नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मुलांना आपल्या शाखेबाहेरचेही विषय घ्यावे लागतात. कॉमर्सच्या पोराला हे कशाला, असं पालक विचारतात आणि खरं सांगायचं तर आम्हा शिक्षकांपैकी अनेकांना नीट उत्तर देता येत नाही. या एका प्रश्नासाठी नोकरी, मित्र आणि मान पणाला लावणारा एक शिक्षक अमेरिकेत होऊन गेला. बी.एड.च्या पुस्तकात आम्हाला जॉन ड्युई भेटले होते. अलेक्झांडर मिकलजॉन मात्र कुणी शिकवले नाहीत.

त्यांचा जन्म 1872 चा, इंग्लंडमधल्या रॉचडेल गावचा. हे कापड गिरण्यांचं गाव. 1844 मध्ये तिथल्या विणकरांनी आणि कारागिरांनी पैसे जमवून स्वतःचं दुकान काढलं आणि तिथूनच सहकारी सोसायट्यांची चळवळ जगभर फोफावली. मालेगाव-भिवंडीच्या वाचकांना असं गाव समजावून सांगायची गरज नाही. वडील स्कॉटलंडकडचे, कापडधंद्यातले कामगार. आठ मुलांत अलेक्झांडर सगळ्यात धाकटा. तो आठ वर्षांचा असताना कुटुंब अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात, पॉटकेट या दुसऱ्या गिरणगावात जाऊन राहिलं. तिथून जवळच्या ब्राउन विद्यापीठात त्यांचं शिक्षण झालं. 1897 मध्ये कॉर्नेलमधून तत्त्वज्ञानात पीएच.डी. घेतली, ब्राउनमध्येच शिकवायला लागले आणि 1901 मध्ये तिथे डीन झाले.

1912 साली अ‍ॅमहर्स्ट कॉलेजने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. तेव्हा अमेरिकन कॉलेजांत विषय निवडायची मोकळीक खूप होती. मुलं चार विषय इथून, दोन तिथून उचलायची आणि पदवी घेऊन बाहेर पडायची. एकाच वर्गातल्या दोन मुलांनी एकच पुस्तक वाचलेलं असेल याची खात्री नाही. मग ही मुलं एकमेकांशी बोलणार कशावर, हा मिकलजॉन यांचा सवाल होता. 1914 मध्ये त्यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी समाज आणि अर्थव्यवस्थेवर एक नवा अभ्यासक्रम सुरू केला. नुकत्याच शाळेतून आलेल्या मुलांना आपला समाज कसा चालतो हे आधी दाखवायचं, अशी ती कल्पना. त्या काळी ती अगदी नवी होती. कवी रॉबर्ट फ्रॉस्ट यांनाही त्यांनीच तिथे शिकवायला आणलं. आसपासच्या गिरणीगावांतल्या कामगारांसाठी वर्ग भरवले.

पण माणूस हट्टी होता. जुन्या प्राध्यापकांशी जुळवून घेणं त्यांना जमलं नाही. घरखर्चाचा हिशेबही ढिसाळ, कर्ज वाढलेलं. विरोधकांना तेवढं निमित्त पुरलं आणि 1923 मध्ये विश्वस्तांनी राजीनामा मागितला. पदवीदानाच्या दिवशी काही मुलांनी निषेध म्हणून पदवी घ्यायला नकार दिला. आपल्या हेडमास्तरांसाठी सर्टिफिकेट सोडणारी मुलं मी तरी पाहिलेली नाहीत!

खरी गोष्ट इथून पुढे आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे अध्यक्ष ग्लेन फ्रँक यांनी त्यांना बोलावून घेतलं आणि 1927 मध्ये मॅडिसन शहरात, तळ्याकाठच्या अ‍ॅडम्स हॉल या वसतिगृहात प्रायोगिक कॉलेज सुरू झालं. पहिल्या तुकडीत 119 मुलं. (मुलींना प्रवेश नव्हता, ही या प्रयोगाची मोठी उणीव.) अभ्यासक्रम दोन वर्षांचा. पहिलं पूर्ण वर्ष सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट अभ्यासायची : इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातलं अथेन्स. इतिहास, राजकारण, व्यापार, युद्ध, नाटक, तत्त्वज्ञान यांचे वेगळे तास नव्हते. एक समाज घ्यायचा आणि तो कसा उभा राहिला, कुठे मोडला, हे थुसिडिडीस आणि प्लेटो वाचून शोधायचं. दुसऱ्या वर्षी तेच प्रश्न घेऊन स्वतःच्या अमेरिकेकडे बघायचं. मधल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या गावाचा अभ्यास सुरू करायचा : जमीन कुणाची, काम कुणाला मिळतं, शाळा आणि चर्च कोण चालवतं. शिक्षकांनीही आपापल्या विषयाबाहेरचं शिकवायचं. म्हणजे अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने मुलांबरोबर बसून ग्रीक नाटक वाचायचं. माझ्या मते या साऱ्या योजनेतला सर्वात अवघड भाग हाच असणार. मुलं बदलतात, मास्तर बदलत नाहीत.

हजेरीची सक्ती नव्हती. दर काही महिन्यांनी परीक्षा आणि गुण, असंही नव्हतं. एका शिक्षकाकडे दहा-बारा मुलं. दर आठवड्याला मुलगा एकटा शिक्षकापुढे बसायचा आणि आपण लिहिलेल्यावर चर्चा करायचा. साठ-सत्तर मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या आपल्यासारख्यांना हे स्वप्नच वाटेल. काही मुलं या मोकळेपणात वाहवत गेली हेही खरं. पण बरीचशी तहानल्यासारखी वाचू लागली.

आता या मुलांविषयी. विस्कॉन्सिनच्या खेड्यापाड्यांतून अपेक्षेइतकी मुलं आलीच नाहीत. न्यूयॉर्क, शिकागोसारख्या शहरांतून मात्र पुष्कळ आली आणि त्यांत ज्यू मुलांचं प्रमाण मोठं होतं. अनेकांचे आईवडील रशिया, पोलंडकडून आलेले. त्या काळात पूर्वेकडची नामांकित विद्यापीठं ज्यू मुलांची संख्या मुद्दाम कमी ठेवत होती. साहजिकच जिथे दार उघडं दिसलं तिथे ही मुलं पोचली. लगेच कुजबुज सुरू झाली. हे लोक बाहेरचे, केस वाढवणारे, लाल विचारांचे, मोठ्याने वाद घालणारे. वसतिगृहाचं नाव वाईट झालं आणि स्थानिक पालक आपली मुलं पाठवायला आणखीच कचरू लागले. एखाद्या शाळेत, वस्तीत किंवा सोसायटीत आपल्यासारख्यांची संख्या वाढली की शेजाऱ्यांचा आवाज कसा बदलतो, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. सगळ्यांसाठी एकच शिक्षण असावं असं म्हणणं सोपं, पण त्या बाकावर शेजारी कोण बसतो हे कळल्यावर अनेकांचा उत्साह ओसरतो. मिकलजॉन या दबावापुढे आपली मूळ भूमिका सोडायला तयार नव्हते. सर्व थरांतली, सर्व घरांतली मुलं एकत्र विचार करू शकतात, यावरच तर सगळा डोलारा उभा होता.

दुसऱ्या वर्षापासून प्रवेश घसरत गेले. त्यात महामंदी आली, मूळ विद्यापीठातले प्राध्यापक नाराज होतेच. 1932 मध्ये कॉलेज बंद झालं. पाच वर्षं, बस्स. त्याच वर्षी मिकलजॉन यांनी या प्रयोगावर पुस्तक लिहिलं.

वय साठ. दुसरा कोणी असता तर निवृत्त झाला असता. हे सॅन फ्रान्सिस्कोला गेले आणि प्रौढांसाठी, कामगारांसाठी वर्ग काढले. पुढे कम्युनिस्ट म्हणून शिक्षकांच्या नोकऱ्या जाऊ लागल्या तेव्हा ते भाषणस्वातंत्र्याचे मोठे वकील झाले. कायद्याची पदवी नसताना! 1948 च्या त्यांच्या पुस्तकाचा मुद्दा साधा होता : मत देणाऱ्या नागरिकाला सगळ्या बाजू ऐकायला मिळायलाच हव्यात, नाहीतर तो राज्य काय चालवणार? गंमत म्हणजे त्याच 1948 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाने वेगवेगळे विषय एकत्र गुंफून शिकवणारा नवा अभ्यासक्रम सुरू केला.

1963 मध्ये, वयाच्या 91 व्या वर्षी, त्यांना राष्ट्राध्यक्षांचं स्वातंत्र्यपदक मिळालं. डिसेंबर 1964 मध्ये बर्कली इथे त्यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी, त्याच बर्कलीच्या विद्यापीठात, त्यांचे विद्यार्थी जोसेफ टसमन यांनी पहिल्या वर्षाच्या दीडशे मुलांना घेऊन पुन्हा अथेन्सपासून सुरुवात केली.