मीनाक्षी अम्माळचं ‘करून बघ’

काही वर्षांपूर्वी बँकेतल्या बदलीमुळे आमच्या कॉलनीत एक तमिळ कुटुंब राहायला आलं होतं. त्या घरातल्या बाईंना आम्ही सगळ्याच मामी म्हणायचो. त्या माटुंग्यात वाढलेल्या, त्यामुळे मराठी अगदी आपल्यासारखं बोलायच्या. पावसाळ्यात माझ्या धाकटीचं नाक वाहायला लागलं की मामींकडून डब्यातून मिऱ्याचं रसम यायचं. एकदा मी वही-पेन घेऊन कृती लिहून घ्यायला गेले, तर मामींनी फळीवरून एक पुस्तक काढलं. कव्हर उडालेलं, पानांवर तेलाचे डाग, शिवण सुटलेली. आईनं लग्नात दिलेलं, आणि आईला तिच्या आईनं घ्यायला लावलेलं! नाव ‘समैत्तु पार’. म्हणजे स्वयंपाक करून बघ.

मैत्रिणींनो, आपल्याकडे ‘रुचिरा’चं जे स्थान, तेच तमिळ घरांत या पुस्तकाचं. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आली १९७० साली, आणि ‘समैत्तु पार’ त्याच्या एकोणीस वर्षं आधी, १९५१ मध्ये. लिहिणाऱ्या बाई एस. मीनाक्षी अम्माळ. अम्माळ म्हणजे आपण मागे ‘बाई’ लावतो ना, तसंच. मीनाक्षीबाई म्हटलं तरी चालेल.

मीनाक्षी अम्माळचा जन्म १९०५ सालचा. तेव्हाच्या रीतीप्रमाणे लग्न लवकर झालं, आणि ऐन विशीतच नवरा गेला. पदरात लहान मुलगा. घरात सासू, शिवाय धाकटा दीर, तोही अजून लहानच. आता या तिघांचं करायचं ते हिनंच.

त्या काळी विधवेचं जिणं कसं होतं, हे आपल्या आज्या-पणज्यांनी आपल्याला सांगितलेलं आहे. तिकडे मद्रासकडच्या ब्राह्मण घरांतही तेच. केशवपन, कपाळ मोकळं, साधं लुगडं, एकवेळचं जेवण. सणावाराला पुढं यायचं नाही, कुणी बाहेर निघालं की समोर यायचं नाही. पण स्वयंपाकघरात मात्र तिनंच राबायचं. दिवाळीचं फराळाचं, पापड, लोणची, वीस माणसांचं जेवण, सगळं तिच्या हातचं चालायचं. हे मला कधीच कळलेलं नाही. जिचा चेहरा अपशकुनी, तिच्या हातचं अन्न कसं काय चालतं?

याच मद्रासमध्ये सिस्टर सुब्बलक्ष्मी नावाच्या बाई विधवा मुलींसाठी काम करत होत्या. त्या स्वतः बालविधवा. १९११ मध्ये त्या बी.ए. झाल्या, मद्रास प्रांतातल्या पहिल्या हिंदू विधवा पदवीधर. पुढे समुद्राकाठच्या ‘आइस हाउस’ या इमारतीत विधवा मुलींना ठेवून त्यांनी शिकवलं, शिक्षिका केलं. आपल्याकडे अण्णासाहेब कर्व्यांनी जे केलं त्याच जातीचं काम. पण मीनाक्षी अम्माळ वर्गात गेल्या नाहीत की शाळेत शिकवायला लागल्या नाहीत. त्यांच्याजवळ जे होतं ते चुलीपाशीच होतं.

आणि ते भरपूर होतं. त्यांच्या हाताला चव आहे हे नात्यात सगळ्यांना ठाऊक. लग्न होऊन लांब गेलेल्या मुली, सुना, भाच्या पत्रं पाठवायच्या. अमुक कसं करायचं, तमकं बिघडलं तर काय करू? मीनाक्षी अम्माळ बसून उत्तरं लिहायच्या. त्यांचे एक काका होते, के. व्ही. कृष्णस्वामी अय्यर. मद्रासचे नावाजलेले वकील, तिथल्या म्युझिक अकादमीचे अध्यक्षही होते. त्यांनी हे पाहिलं आणि सुचवलं की एकेकीला पत्रं लिहीत बसण्यापेक्षा हे सगळं एका पुस्तकात का लिहीत नाहीस!

आपल्या घरात असं म्हणणारा एखादा काका असता तर किती जणींची पुस्तकं झाली असती, असं मनात येऊन गेलं. असो.

पुस्तक निघालं तेव्हा मीनाक्षी अम्माळ शेहेचाळीस वर्षांच्या होत्या. म्हणजे आज मी आहे त्याच वयाच्या आसपास! वैधव्याला वीस-बावीस वर्षं होऊन गेलेली. पुस्तक त्यांनी स्वतःच काढलं. तमिळमध्ये पाककृतींची पुस्तकं त्याआधी नव्हती असं नाही, पण इतकं घराघरांत पोचलेलं दुसरं नाही.

कारण सोपं आहे. ही बाई आपल्याला काही येत नाही असं धरून लिहिते. मामी मला वाचून, लगेच मराठीत सांगत होत्या. चिंच किती, ती भिजवायची किती पाण्यात, डाळ कशी शिजली पाहिजे, आधी काय, मग काय. आईजवळ उभं राहून शिकायला मिळालं नाही अशा मुलीला हे पुस्तक हाताला धरून नेतं. त्या काळी देश नुकता स्वतंत्र झालेला, नवऱ्यांच्या नोकऱ्या दिल्ली, मुंबई, कलकत्त्याला. एकत्र घरं सुटत होती. चार खणांच्या बिऱ्हाडात एकटी सून, आणि विचारायला शेजारीपाजारी आपल्या भाषेचं कुणी नाही. तिला सासू-आई-आत्या सगळ्यांच्या जागी हे पुस्तक.

मापं मात्र जुनी. पडी, आळाक्कु, पलम आणि तोळे! किलो-ग्रॅमची वजनं आपल्या देशात १९५८ पासून येऊ लागली, पुस्तक त्याच्या आधीचं. मामींच्या प्रतीत समासात पेन्सिलीनं बारीक आकडे लिहिलेले होते. आळाक्कु म्हणजे घरातली कुठली वाटी, पलम म्हणजे किती चमचे, हे त्यांच्या आईनं स्वतःशी बसवलेलं गणित.

आता त्या रसमची गोष्ट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल नुसतंच कौतुक केलं. चिंचेचा पातळ कोळ, मीठ, हळद, हिंग घालून उकळायचा, चिंचेचा कच्चा वास जाईपर्यंत. मिरं-जिरं ओबडधोबड कुटून घालायचं. तुरीची डाळ शिजवून तिचं वरचं पातळ पाणी ओतायचं. आणि आता लक्ष द्यायचं. वर फेस धरला, कडेनं फुगून आला, की लगेच उतरवायचं. उकळलं की बिघडलं! वरून तुपात मोहरी आणि कढीपत्त्याची फोडणी, कोथिंबीर. जुन्या घरांत रसमाला कथलाचं वेगळं भांडं असायचं, आणि ते रिकामं चुलीवर राहिलं तर वितळायचंच, म्हणून आधी त्यात पाणी-कोळ घालून मगच विस्तवावर ठेवायचं. नव्या सुनेनं एखादं तरी भांडं वितळवलेलं असतंच, असं मामी हसत सांगायच्या.

आपण हॉटेलात इडली-डोसा खातो आणि मद्रासी जेवण म्हणजे तेवढंच समजतो. पण त्यांचं रोजचं घरातलं जेवण पाहिलं तर इतकं शहाणपणाचं आहे. आधी सांबार-भात किंवा चिंचेच्या कुळंबूचा भात, सोबत नारळ पेरलेली भाजी. मग रसम-भात. शेवटी दही किंवा ताक-भात. तिखट-आंबट आधी, पचायला मदत करणारं मध्ये आणि पोट शांत करणारं शेवटी. यात कुणी डाएट वगैरे शब्द काढत नाही. रोजच्या ताटातच सगळं बसवलेलं.

तसंच अभ्यंगाचं. आपण दिवाळीत एकदा तेल लावतो. तिकडे जुन्या घरांत दर आठवड्याला तिळाच्या कोमट तेलानं न्हाणं, बायकांचा वार शुक्रवार, पुरुषांचा शनिवार. शिकेकाईनं डोकं धुवायचं आणि त्या दिवशी गरमागरम मिरं-जिऱ्याचं रसम, हलकं जेवण. दिवाळीच्या पहाटे न्हाऊन झालं की फराळाच्या आधी प्रत्येकाच्या हातावर एक गोळी ठेवतात. सुंठ, ओवा, पिंपळी कुटून गूळ-तुपात शिजवलेलं ते लेगियम. पुढं चार दिवस तळलेलं-गोड खायचं आहे, त्याची आधीच तयारी! आणि एप्रिलमधल्या त्यांच्या वर्षारंभाला कडुलिंबाची फुलं, कैरी आणि गूळ यांची पचडी. आपल्या पाडव्याचीच बहीण ती. (हे सगळं घरचं राखणं आहे हं, औषधोपचार नव्हे. लेकराला ताप चढला तर रसम उकळत बसू नका, डॉक्टरकडे न्या.)

पहिल्या पुस्तकावर मीनाक्षी अम्माळ थांबल्या नाहीत, आणखी भाग लिहिले. तिसऱ्या भागात सणवार आणि लग्नकार्यं आली. कुठल्या सणाला काय नैवेद्य, लग्नघरी कशाकशाची तयारी लागते, काय आणि किती आणून ठेवायचं.

मामींनी हे सांगितलं तेव्हा मी दोन मिनिटं गप्प बसले. ज्या मंगलकार्यात विधवेनं पुढे यायचं नाही असा दंडक, त्याच कार्याची यादी एका विधवेनं लिहिली. आणि हळदी-कुंकवाच्या मानाच्या सवाष्णी तिचं पुस्तक उघडून, त्यातलं एकेक पाहून, सामान मांडायला लागल्या. मुलीच्या लग्नात रुखवतात हेच पुस्तक जायला लागलं.

मीनाक्षी अम्माळना हे जाणवलं असेल की नाही, मी सांगू शकत नाही. पण मला आमच्या बचत गटातल्या एका बाई आठवल्या. नवरा गेल्यावर गेली अकरा वर्षं मसाले करतात. त्यांचा गोडा मसाला तालुक्याला जातो, तो पाकिटावर दुसऱ्याच कुणाचं नाव लावून. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला आम्ही त्यांना बोलावलं, तर आल्या, पण दारातच चटईवर बसल्या. आत चला म्हटलं तरी उठेनात. शेवटी मीच जाऊन त्यांच्याजवळ बसले. पुढच्या बैठकीत पाकिटावर त्यांचं नाव छापायचा ठराव मी मांडणार आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही, आधीच नको म्हणतील.

मीनाक्षी अम्माळ १९६२ मध्ये गेल्या. साठीसुद्धा गाठली नाही त्यांनी. पण घरच्यांनी पुस्तक चालू ठेवलं. ‘कुक अँड सी’ या नावानं ते इंग्रजीत आलं. मग ज्यांना तमिळ बोलता येतं पण वाचता येत नाही, अशा परगावी वाढलेल्या मुलींचीही सोय झाली. नोकरी-शिक्षणासाठी अमेरिकेला निघालेल्या पोरांच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी हे पुस्तक ठेवायची पद्धतच पडली. वर्षांमागून वर्षं आवृत्त्या निघत राहिल्या. त्या काळातले बंब, शेगड्या, पाटे-रगडे गेले, प्रेशर कुकर आला, मिक्सर आला. तरी चिंचेचा कोळ किती वेळ उकळायचा हे बदललं नाही.

मामींची पुढे कोईमतूरला बदली झाली. जाताना त्यांनी मला पुस्तकाची नवी इंग्रजी प्रत दिली आणि जुनी स्वतःकडे ठेवली. बरोबरच केलं, समासातली पेन्सिल त्यातच आहे. पण मी हट्टानं त्यांच्याजवळ बसून रसमाच्या पानावरचे आकडे उतरवून घेतले आहेत. आळाक्कु म्हणजे आमच्या घरातली फुलांच्या नक्षीची स्टीलची वाटी, काठोकाठ नाही, बोटभर कमी.