श्रीमंत सयाजीराव महाराज आणि बडोद्याचे कलाभवन

आपल्या बुरोंडी बंदरावरील तरुण आज केवळ मुंबईस जाऊन थांबत नाहीत. कोणी आखाती देशांत यंत्रांवर काम करतो, कोणी परदेशी जहाजांवर असतो, आणि अलीकडे अभियांत्रिकीची पदवी घेऊन परदेशी जाण्याची तयारी करणारी मुले-मुलीही आपल्या ज्ञातीत दिसू लागली आहेत. जगात जाऊन काम करता यावे असे शिक्षण कसे आखावे, हा प्रश्न म्हणूनच आपल्या घरचा झाला आहे. हा प्रश्न सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्या राजाने मनावर घेतला, त्या श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांचे अल्प चरित्र यंदाच्या स्मरणिकेत आम्ही सादर करीत आहोत.

महाराजांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. मूळचे नाव गोपाळराव. बडोद्याच्या गादीवरून मल्हारराव गायकवाडांना दूर करण्यात आल्यावर, खंडेरावांच्या विधवा पत्नी महाराणी जमनाबाई यांनी १८७५ साली त्यांस दत्तक घेतले. त्या वेळी त्यांचे वय अवघे बारा वर्षांचे होते व अक्षरओळखही बेताचीच होती. पुढील सहा वर्षांत इलियट साहेबांसारख्या शिक्षकाच्या हाताखाली आणि दिवाण सर टी. माधवराव यांच्या देखरेखीखाली त्यांनी जे अध्ययन केले, त्यास तोड नाही. उशिरा शाळेत बसलेल्या मुलाच्या ठायी विद्येची किती भूक असते, हे आम्हां शिक्षकांस चांगले ठाऊक आहे. २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्यकारभाराची सूत्रे त्यांच्या हाती आली.

१८८७ साली महाराज प्रथम युरोपास गेले आणि पुढे वारंवार जात राहिले. प्रवासात त्यांची दृष्टी शाळा, ग्रंथालये व कारखाने यांवर अधिक असे. त्या काळी आपल्या देशातील कारागिराची स्थिती फार बिकट झाली होती. जर्मनीतील रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठाचा रंग प्रयोगशाळेत तयार केला होता, आणि १८९७ पासून कृत्रिम नीळही बाजारात आली. पिढ्यान्‌पिढ्या कापड रंगविणारा रंगारी हाताने कमी पडत नव्हता. त्याच्या धंद्यामागील शास्त्र मात्र परदेशी गेले होते. ते शास्त्र त्याच्यापर्यंत आणावयाचे कोणी?

या कामी महाराजांस प्रो. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्यासारखा सहकारी लाभला. गज्जर हे सुरतेच्या सुतार ज्ञातीतील. महाराजांच्याच वयाचे आणि बडोदा कॉलेजात रसायनशास्त्राचे अध्यापक. वडील शिल्पशास्त्राचे जाणकार, त्यामुळे हातातील हत्यार आणि ग्रंथातील शास्त्र ही दोन्ही त्यांनी घरातच पाहिलेली. १८९० साली बडोद्यास कलाभवनाची स्थापना झाली व गज्जर तिचे प्रमुख झाले.

कलाभवनाचा अभ्यासक्रम आम्हांस विशेष विचार करण्याजोगा वाटतो. सुतारकाम, यंत्रकाम, रंगकाम, विणकाम, चित्रकला असे त्याचे विभाग होते. शिक्षण इंग्रजीतून न देता देशी भाषेतून, मुख्यतः गुजरातीतून दिले जाई. आणि त्यासाठी पारिभाषिक शब्द व पाठ्यपुस्तके तयार करण्याचे काम गज्जरांनी अंगावर घेतले. मातृभाषेतून शिकलेला विद्यार्थी कूपमंडूक होतो असे मानणारे पालक आपल्यांतही पुष्कळ आहेत. आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. कारागिराच्या मुलास जर्मन रंगाचे रहस्य प्रथम त्याच्या भाषेत कळावे, मग त्याने हवी ती भाषा शिकावी, हा कलाभवनाचा क्रम आम्हांस योग्य वाटतो. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके येथेच शिकले. पुढे १९१२ साली ते लंडनहून चित्रपटाची यंत्रसामग्री घेऊन आले व १९१३ मध्ये त्यांनी राजा हरिश्चंद्र पडद्यावर आणला.

तथापि सर्व काही सुरळीत झाले असे नाही. गज्जरांची योजना याहून मोठी होती. ती पुरती साकार न होताच १८९६ साली ते बडोदे सोडून मुंबईस विल्सन कॉलेजात गेले. (मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यास चापेकर बंधूंनी फासलेले डांबर, इतरांनी हात टेकल्यावर, या गज्जरांनीच काढले.) शिवाय शिकून निघालेल्या सर्वांस पुरेल इतके कारखाने संस्थानात नव्हते. १९०७ साली अलेंबिक हा रासायनिक कारखाना आणि १९०८ साली बँक ऑफ बरोडा निघाली. पण शाळा आधी व कारखाना मागून, हे अंतर राहिलेच.

परदेशी शिक्षणासाठी महाराजांनी सढळ हाताने शिष्यवृत्त्या दिल्या. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध शिष्यवृत्ती यंत्रविद्येची नव्हे, परंतु तिचा उल्लेख आम्ही टाळू शकत नाही. आपल्या दापोलीत ज्यांचे बालपणीचे काही दिवस गेले, ते डॉ. भीमराव आंबेडकर १९१३ साली दरमहा साडेअकरा पौंडांच्या बडोदे शिष्यवृत्तीवर अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. १९१७ मध्ये ते त्याप्रमाणे बडोद्यास रुजू झाले. पण एवढ्या विद्वानास त्या शहरात राहावयास जागा मिळेना. पारशी विश्रामगृहातूनही त्यांना बाहेर काढण्यात आले व थोड्याच दिवसांत त्यांना बडोदे सोडावे लागले. अस्पृश्यांसाठी ज्यांनी १८८२ च्या सुमारासच शाळा काढल्या, त्या महाराजांच्या राजधानीत हे घडावे! राजाने विद्या दिली, परंतु शेजाऱ्याचे दार उघडणे राजाच्याही हाती नव्हते. ज्ञातीची संस्था चालविणाऱ्या आपण सर्वांनी हा प्रसंग वाचून पुढे जाऊ नये, थोडे थांबावे, असे आम्हांस वाटते.

महाराजांची अन्य कार्ये सर्वश्रुत आहेत. १८९३ साली अमरेली भागात सुरू केलेले सक्तीचे प्राथमिक शिक्षण त्यांनी १९०६ मध्ये सर्व राज्यास लागू केले. १९१० साली अमेरिकेहून बोर्डन यांस आणून गावोगाव ग्रंथालये उभारली. ही प्राथमिक शाळाच कलाभवनाची पहिली पायरी होय. वाचता न येणाऱ्या रंगाऱ्याच्या मुलास गज्जरांचे पुस्तक काय उपयोगाचे?

६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराजांचे देहावसान झाले. दहा वर्षांनी, १९४९ साली, बडोद्यास त्यांच्याच नावाचे विद्यापीठ स्थापन झाले आणि कलाभवन त्याची तंत्रशास्त्र व अभियांत्रिकी विद्याशाखा बनले. तेथे आजही अभियंते शिकत आहेत.