फ्रेड लॉरेन्स व्हिपल

फ्रेड लॉरेन्स व्हिपल (५ नोव्हेंबर १९०६ – ३० ऑगस्ट २००४) हे अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ होते. धूमकेतूचे केंद्रक बर्फ व धूळ यांचे बनलेले असते, हा त्यांनी १९५० साली मांडलेला सिद्धान्त सर्वपरिचित आहे. निकामी उपग्रह आणि अग्निबाणांचे रिकामे टप्पे वातावरणात केव्हा व कोठे कोसळतील, या अभ्यासातील त्यांचा वाटा मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिला.

जीवन

व्हिपल यांचा जन्म आयोवा राज्यातील रेड ओक येथे शेतकरी कुटुंबात झाला. पोलिओमुळे त्यांना टेनिसपटू होण्याची आकांक्षा सोडावी लागली. बर्कली येथे शिकत असताना नव्यानेच सापडलेल्या प्लूटोची कक्षा गणिताने काढण्याच्या कामात त्यांनी भाग घेतला. १९३१ मध्ये डॉक्टरेट मिळवून ते हार्वर्ड वेधशाळेत दाखल झाले. तेथे त्यांनी दोन ठिकाणांहून एकाच उल्केची छायाचित्रे घेण्याची पद्धत राबवली. उल्केचा वेग किती मंदावतो यावरून वरच्या वातावरणाची घनता काढता येते. पुढे उपग्रहांच्या बाबतीत हेच गणित कामी आले.

उपग्रहांचा मागोवा

१९५५ मध्ये ते स्मिथसोनियन खगोलभौतिकी वेधशाळेचे संचालक झाले. उपग्रहांच्या वेधांसाठी त्यांनी बेकर-नन कॅमेऱ्यांची बारा केंद्रे उभारण्याची योजना आखली. त्यांपैकी एक नैनिताल येथे होते. जोडीला हौशी निरीक्षकांची 'मूनवॉच' मोहीम होती. हौशी लोकांच्या वेधांवर विसंबावे का, अशी शंका अनेक व्यावसायिकांना होती. परंतु ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुत्निक-१ सुटला तेव्हा कॅमेरे सज्ज नव्हते, निरीक्षक सज्ज होते. लोकांना नुसत्या डोळ्यांनी दिसला तो बहुधा उपग्रह नव्हे, तर त्याच्या अग्निबाणाचा मोठा टप्पा. तो १ डिसेंबरच्या सुमारास वातावरणात नष्ट झाला. उपग्रह जानेवारी १९५८ पर्यंत टिकला.

अशा वेधांवरून व्हिपल यांचे सहकारी लुइजी याकिया यांनी दाखवून दिले की, सूर्य अधिक सक्रिय झाला की वरचे वातावरण तापून फुगते आणि कक्षेतील वस्तूला होणारा रोध वाढतो. भाकीत चुकण्याचे हे एक प्रमुख कारण. वस्तू सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर धावत असल्याने वेळेत दहा मिनिटांची चूक झाली, तरी पडण्याची जागा साडेचार हजार किलोमीटरहून अधिक सरकते.

५ सप्टेंबर १९६२ रोजी स्पुत्निक-४ कोसळताना मिलवॉकीच्या मूनवॉच गटाने त्याचे निरीक्षण केले. त्याचा सुमारे नऊ किलोंचा तुकडा विस्कॉन्सिनमधील मॅनिटोवॉक गावी भर रस्त्यात रुतलेला आढळला. कोणालाही इजा झाली नाही.

उत्तरायुष्य

१९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. १९७३ मध्ये ते संचालकपदावरून निवृत्त झाले. मूनवॉच १९७५ मध्ये बंद पडली. अंतराळयानांना सूक्ष्म उल्कांपासून वाचवणारे, त्यांनी १९४० च्या दशकात सुचवलेले दुहेरी कवच आज कक्षेतील कचऱ्यापासूनही रक्षण करते आणि त्यांच्याच नावाने ओळखले जाते. केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे वयाच्या ९७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.