ध्रुवप्रदेशांतील शिलासंग्राहक : ऑटो नॉर्डेनशेल्ड

दक्षिणध्रुवाकडे गेलेल्या प्रवाशांचीं नांवें विचारलीं असतां आमच्या विद्यार्थ्यांस बहुधा स्कॉट व आमुंडसेन हीं दोनच आठवतात. ध्रुवबिंदूवर निशाण रोवण्याची ज्यांस हांव नव्हती, व जे बर्फांतून दगड वेंचून घरीं परतले, त्यांचें स्मरण सहसा कोणी करीत नाहीं. अशा पुरुषांपैकीं स्वीडन देशचे भूगर्भशास्त्रवेत्ते ऑटो नॉर्डेनशेल्ड यांची हकीगत आम्ही येथें सादर करीत आहों.

त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६९ रोजीं स्वीडनच्या स्मोलंड प्रांतांत झाला. आशिया खंडाच्या उत्तरेकडील गोठलेल्या समुद्रांतून १८७८-७९ सालीं प्रथमच जहाज पार नेणारे अडॉल्फ एरिक नॉर्डेनशेल्ड हे त्यांचे मामा. तेव्हां शीतप्रदेशांची ओढ त्यांस घरांतच लागली असल्यास नवल नाहीं. उप्साला येथील विद्यापीठांत भूगर्भशास्त्राचा अभ्यास करून १८९४ सालीं त्यांनीं डॉक्टरची पदवी मिळविली, व पुढें पॅटागोनिया आणि क्लोंडाइक या दूरच्या प्रदेशांत संशोधनार्थ प्रवास केला.

याच सुमारास कार्ल अँटन लार्सन नांवाच्या एका नॉर्वेजियन कप्तानानें दक्षिणेकडील सेमूर बेटावरून कांहीं दगड आणले होते. लार्सन हे सील व देवमासे यांच्या शोधांत १८९२-९३ सालीं तिकडे गेले असतां त्यांस दगड बनलेले शिंपले व लांकूड सांपडलें. जेथें आज झाडाचें नांव नाहीं तेथें लांकूड कोठून आलें? हा प्रश्न नॉर्डेनशेल्ड यांच्या मनांत घर करून बसला असावा. कारण स्वतःची मोहीम निघाली तेव्हां त्यांनीं जहाजाचे कप्तान म्हणून लार्सन यांनाच घेतलें, आणि मुक्कामासाठीं जागा निवडली ती सेमूरच्या शेजारचें स्नो हिल बेट.

'अंटार्क्टिक' नांवाचें जहाज ऑक्टोबर १९०१ मध्यें गॉटेनबर्ग बंदरांतून निघालें. १९०२ च्या फेब्रुवारींत नॉर्डेनशेल्ड पांच सोबत्यांसह स्नो हिलवर उतरले. त्यांत होझे सोब्राल हे अर्जेंटिनाच्या आरमारांतील तरुण अधिकारीही होते. लांकडी झोपडी उभारण्यांत आली, व पुढील उन्हाळ्यांत परत नेण्यास येण्याच्या बोलीनें जहाज निघून गेलें.

हिंवाळा वादळांत गेला. डिसेंबरमध्यें नॉर्डेनशेल्ड घसरगाडीवरून सेमूर बेटावर गेले, आणि तेथें त्यांच्या श्रमाचें चीज झालें. आजच्या कोणत्याही पेंग्विनपेक्षां मोठ्या अशा एका पेंग्विनचीं हाडें सांपडलीं. पुढें शास्त्रज्ञांनीं त्या पक्ष्यास नॉर्डेनशेल्ड यांचेंच नांव दिलें. झाडांच्या पानांचे ठसे मिळाले. शिंपले तर विपुल होते. आणि या संग्रहांत होते समुद्रसाळूंचे अवशेष.

समुद्रसाळू हा शब्द वाचकांस नवा वाटेल. कोंकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं, साळूप्रमाणें अंगभर काटे उभारून बसलेला गोलसर प्राणी कांहींनीं पाहिला असेल, तोच हा. त्याचें कवच चुन्याच्या लहान लहान तुकड्यांचें असतें, व त्यांची रचना पांच पाकळ्यांच्या फुलासारखी दिसते. प्राणी मेल्यावर काटे गळून पडतात. म्हणून खडकांत कवच एकीकडे व काटे दुसरीकडे असेंही आढळतें. हा प्राणी गोड्या पाण्यांत मुळींच राहत नाहीं. तेव्हां ज्या थरांत तो सांपडेल तो थर एके काळीं समुद्राचा तळ होता हें निश्चित समजावें. मात्र समुद्रसाळू थंड पाण्यांतही राहतात. त्यामुळें ध्रुवाजवळचा तो समुद्र उबदार होता, असा निकाल एकट्या त्याच्या साक्षीवर देतां येत नाहीं. त्यासाठीं लांकूड व पानें यांची साक्ष घ्यावी लागली. सर्व साक्षी एकत्र केल्यावर चित्र दिसलें तें असें, कीं आज हिमानें झांकलेल्या या भूमीवर एके काळीं अरण्यें होतीं. सेमूर बेटाच्या थरांत ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींचा काळ स्पष्ट दिसतो, म्हणजे ज्या काळीं आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हारसाच्या रूपानें वाहत होता तोच.

उन्हाळा आला व गेला, परंतु जहाज आलें नाहीं. तें बर्फांत सांपडून चिरडलें, व १२ फेब्रुवारी १९०३ रोजीं बुडालें. त्याबरोबर जहाजावरील शास्त्रीय संग्रहाचा पुष्कळ भागही गेला. लार्सन व त्यांचे लोक, एकूण वीस माणसें, बर्फावरून वाट काढीत पॉलेट बेटास पोहोंचलीं. तेथें दगडांची झोपडी बांधून ते पेंग्विन खाऊन राहिले. त्यांतील एक खलाशी हिंवाळ्यांत मरण पावला. तत्पूर्वींच स्नो हिलकडे पायीं निघालेले अँडरसन, डुसे व ग्रुंडेन हे तिघे होप उपसागराच्या कांठीं अडकले होते. तिन्ही टोळ्यांस एकमेकींची कांहींच वार्ता नव्हती. स्नो हिलवरील मंडळीस सीलच्या चरबीवर चूल पेटवून दुसरा हिंवाळा काढावा लागला. तरी नोंदी ठेवण्याचें काम बंद पडलें नाहीं.

१२ ऑक्टोबर १९०३ रोजीं घसरगाडीवरून जात असतां नॉर्डेनशेल्ड यांस दूर बर्फावर कांहीं काळ्या आकृति दिसल्या. प्रथम ते पेंग्विन वाटले. जवळ गेल्यावर पाहतात तों काजळीनें काळेठिक्कर झालेलीं माणसें! होप उपसागराकडून आलेले तेच ते तिघे; पण त्यांच्या प्रमुखास त्यांची ओळख पटेना.

पुढें ८ नोव्हेंबर रोजीं अर्जेंटिनाच्या 'उरुग्वाय' या जहाजाचे कप्तान हुलियान इरीझार मदतीस येऊन पोहोंचले, आणि त्याच रात्रीं, कोणाच्या ध्यानींमनीं नसतां, लार्सनही कांहीं सोबत्यांसह चालत दारांत उभे राहिले. असा योग कादंबरींत कोणी लिहिला असता तर आम्ही त्यास दोष दिला असता. पॉलेट बेटावरील लोकांस जहाजावर घेतल्यावर एकदम घरची वाट धरावी असें कोणासही वाटलें असतें. परंतु जहाज आधीं होप उपसागराकडे वळविण्यांत आलें. कशासाठीं? अँडरसन यांनीं तेथें गोळा करून ठेवलेले वनस्पतींचे जीवाश्म आणण्यासाठीं. दोन वर्षांच्या हालांनंतर, घरच्या ओढीनें व्याकूळ झालेलीं माणसें दगडांसाठीं थांबलीं, ही गोष्ट आम्हांस जहाज बुडण्याच्या गोष्टीहूनही अधिक मोलाची वाटते.

डिसेंबरमध्यें ब्वेनोस आयरेस येथें त्यांचें मोठें स्वागत झालें. पण मोहिमेच्या खर्चामुळें नॉर्डेनशेल्ड यांच्या डोक्यावर भारी कर्ज झालें होतें, हें त्या जल्लोषांत किती जणांच्या लक्षांत आलें असेल? १९०५ सालीं ते गॉटेनबर्ग येथें भूगोलाचे प्राध्यापक झाले. आणलेले दगड निरनिराळ्या देशांतील विद्वानांकडे वांटून देण्यांत आले. समुद्रसाळू गेले फ्रान्समधील ज्यूल लांबेर यांच्याकडे. हे गृहस्थ व्यवसायानें न्यायाधीश होते, पण या काटेरी प्राण्यांच्या जीवाश्मांत त्यांचा अधिकार मोठा होता. स्नो हिल व सेमूर या बेटांवरील समुद्रसाळूंचें त्यांनीं केलेलें वर्णन १९१० सालीं प्रसिद्ध झालें. त्यांतील एका नव्या जातिसमूहास त्यांनीं पेल्याच्या ग्रीक नांवावरून 'सायथोसिडारिस' असें नांव दिलें.

नॉर्डेनशेल्ड यांनीं पुढें ग्रीनलंड व पुन्हां दक्षिण अमेरिका येथें प्रवास केले. बर्फानें ज्यांस दोन हिंवाळे अडकवूनही सोडून दिलें, ते २ जून १९२८ रोजीं गॉटेनबर्गच्या रस्त्यांत बसगाडीची धडक बसून मरण पावले.

सेमूर बेटावर १९६९ पासून अर्जेंटिनाचें ठाणें आहे, व तेथील थर शास्त्रज्ञ अजून चाळीत असतात. १९९२ सालीं तेथील समुद्रसाळूंविषयीं नवा निबंध प्रसिद्ध झाला, आणि त्यांत 'अबाटस' नांवाच्या समूहांतील एक प्राचीन जात वर्णिलेली आहे. या समूहांतील समुद्रसाळू दक्षिणेच्या थंड समुद्रांत आजही आहेत. त्यांची मादी पाठीवरील खळग्यांत पिलें सांभाळते.