विश्लेषण : पंप नव्हता, मग खडकीत पाणी कसे आले? मलिक अंबर आणि त्याची नहर

गंगापूर-वैजापूर भागात कालवा म्हटला की नांदूर-मधमेश्वरचा जलद कालवा आठवतो. उघडा, आवर्तन सुटले की भरणारा. याच जिल्ह्यात चारशे वर्षांपूर्वीचा एक कालवा मात्र वरून दिसतच नाही. नाव 'नहर-ए-अंबरी'. तो बांधून घेणारा मलिक अंबर लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला होता.

गुलामाचा वजीर कसा झाला?

अंबरचा जन्म 1548 च्या सुमारास आजच्या इथिओपियात झाला. हातोहात विकला जात तो बगदादला आणि तेथून दख्खनेत, निजामशाहीचा मंत्री चंगेजखान याच्याकडे आला. चंगेजखानही हबशीच. मालक गेल्यावर अंबर मोकळा झाला आणि त्याने शिपाईगिरी पत्करली. 1600 मध्ये मुघलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. निजामशाही बुडाल्यात जमा होती. अंबरने दुसऱ्या मुर्तझाला गादीवर बसवून ती पुढे चालवली.

पाणी आणले कोठून?

1610 मध्ये त्याने खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, राजधानीचे शहर वसवायला घेतले. फौज, घोडे, बाजार सगळे आले, पण खाम नदी उन्हाळ्यात आटणारी. म्हणून नदीच्या प्रवाहावर न विसंबता हर्सूलच्या वरच्या अंगाला जमिनीत मुरलेले पाणी खालच्या खालीच बांधीव भुयारात घेतले. सगळी करामत उताराची. पाणी आपसूक वाहिले पाहिजे, पण वेगाने बांधकाम खरवडता कामा नये. गाळ काढण्यासाठी जागोजागी उतरण्याची तोंडे ठेवली. वाटेत उंच बंबे उभारले. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे आणि पाण्याचा दाब आटोक्यात राही. पुढे खापरी नळांतून पाणी हौदांत जाई.

झाकलेले पाणी उन्हाने उडत नाही आणि शत्रूच्याही सहज हाती लागत नाही. 1616 मध्ये मुघलांनी खडकी जाळली होती, हे लक्षात घेतले तर दुसरा फायदाही लहान नव्हता.

ही विद्या अंबरनेच शोधली, असे सांगितले जाते ते मात्र खरे नाही. इराणात अशा भुयारी नहरी फार जुन्या, आणि खुद्द अहमदनगरला निजामशाहीने आधीच नहरी आणल्या होत्या.

पुढे काय झाले?

1626 मध्ये अंबर वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. शहर मुघलांकडे गेले, औरंगाबाद झाले. नव्या नहरींची भर पडली. पाणचक्की अशाच नंतरच्या नहरीवर चाले. पुढे शहर वाढले तसे कुठे नहरींवर बांधकामे झाली, कुठे मार्ग फुटले, कुठे गाळाने बुजले. आज शहराचे पाणी जायकवाडीतून विजेच्या पंपांनी वर चढवावे लागते.